गाडी ओढत नाही

शुक्रवारी दुपारी चारनंतर येणारे फोन सहसा चांगले नसतात. एकतर प्रॉडक्शनवर काहीतरी पेटलेलं असतं, नाहीतर क्लायंटला सोमवारच्या आत काहीतरी हवं असतं. १३ एप्रिल २०१८ च्या शुक्रवारी आलेला फोन मात्र मामाचा होता. कसलीही प्रस्तावना न करता मामा म्हणाला, "गाडी ओढत नाही रे."

मामाची गाडी म्हणजे २००६ सालची डिझेल पिकअप. गुहागर तालुक्यात मामाची हापूसची बाग आहे. सीझनमध्ये पन्नास-पंचावन्न पेट्या भरून ही गाडी आठवड्यातून दोनदा पुण्याच्या मार्केट यार्डात जाते. म्हणजे जायची, तेव्हा. चिपळूण, मग पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट, वर कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ, उंब्रजला हायवे आणि मग सरळ पुणं. वर्षाचे बाकी दहा महिने गावातल्या गावात खत, चिरे, सिमेंट, लग्नाची भांडी असलं काहीबाही वाहायचं. खरी परीक्षा एप्रिल-मे मध्येच.

"घाटात पहिले दोन-तीन किलोमीटर बरी चालते. मग दम टाकते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. दहा मिनिटं उभी केली की परत दोन किलोमीटर बरी. मागच्या खेपेला यार्डात पोचायला साडेनऊ झाले. तोवर चांगलं गिऱ्हाईक उठून गेलेलं."

"मेस्त्री काय म्हणतात?"

"एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलून झाले. आता म्हणतात टर्बो गेलाय. शिवाय पंप उतरवून बेंचवर लावायचा. चाळीस-पंचेचाळीस हजार, आणि चार दिवस गाडी गॅरेजात."

१८ तारखेला अक्षय्य तृतीया होती. आंबेवाल्याला अक्षय्य तृतीयेआधीचे चार दिवस म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सोमवारी संध्याकाळी माल निघून मंगळवारी पहाटे यार्डात पोचायलाच हवा होता.

मग मामाने आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू का, मला नाही वाटत गाडीचा दोष आहे. हा डिझेल काढून विकतो आणि वर रॉकेल घालतो. अॅव्हरेज पण पडलाय. टाकीला कुलूपवालं झाकण लावलंय मी मार्चमध्ये. सोमवारच्या खेपेला दुसऱ्या ड्रायव्हरला सांगून ठेवलंय."

'हा' म्हणजे मामाचे ड्रायव्हर. नऊ वर्षं मामाकडे होते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. माझ्या मुंजीपासून... नाही, मुंजीपासून नाही, पण माझ्या लग्नात वऱ्हाडाचं सामान त्यांनीच आणलं होतं. कमी बोलणारा माणूस. हा माणूस डिझेल चोरेल असं मला वाटेना. पण 'मला वाटेना' हा काही पुरावा नव्हे.

मी म्हटलं, "मामा, दोन दिवस थांब. मी येतो."

आता मी येऊन काय दिवे लावणार होतो हा प्रश्न मामाने विचारला नाही, हा त्याचा मोठेपणा. मी मेकॅनिकलचा. म्हणजे पुण्यात ज्या अर्थाने हजारो लोक मेकॅनिकलचे असतात त्या अर्थाने. डिग्री घेतली, कँपसमध्ये सॉफ्टवेअर कंपनी आली, आणि संपलं. पण दहा वर्षं मी पोटासाठी एकच काम करत आलोय, ते म्हणजे काहीतरी मंद चाललंय, ते का मंद चाललंय हे शोधणं. म्हटलं, सर्व्हर असो की पिकअप, पद्धत तीच असणार.

(यातला 'म्हटलं' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे माझी जिरणार आहे.)

शनिवारी सकाळी पोचलो. चहा झाला. दादा अंगणात गाडी पुसत होते. नेहमीसारखे हसले, पण बोलले काहीच नाहीत. मामा माझ्याशी बोलत होता आणि दादांशी नाही. मामी दोघांशीही बोलत नव्हती. एकूण वातावरण रिलीज फसल्यानंतरच्या सकाळसारखं.

आधी थोडी थिअरी. कंटाळा करू नका, ती कळल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला हे यंत्र नीट चालवून दाखवलं. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत ते इंधनाचा कितीतरी चांगला वापर करायचं. पण ते होतं अवाढव्य, आणि डिझेल आत फुंकायला वेगळी दाबलेली हवा लागायची. रस्त्यावरच्या गाड्यांना सोयीचा, छोटा इंजेक्शन पंप बॉशने १९२७ मध्ये कारखान्यात बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे जुने मेस्त्री अजूनही ज्याला 'मायको पंप' म्हणतात तो त्याच घराण्यातला. मायको म्हणजे बॉशचीच भारतातली कंपनी, २००८ मध्ये तिचं नावच बॉश झालं.

मुद्दा असा की पेट्रोल गाडीत अॅक्सिलरेटर दाबला की हवेचा दरवाजा उघडतो. जुन्या डिझेलमध्ये असा दरवाजाच नसतो. हवा जेवढी येईल तेवढी येते, पाय दाबला की फक्त डिझेल वाढतं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. हे गणित बिघडलं की त्याची खबर मागच्या नळीतून मिळते. डिझेलच्या मानाने हवा कमी पडली की काळा धूर. डिझेल पेटलंच नाही, तसंच बाहेर पडलं, की पांढरा. इंजिन ऑइल जळायला लागलं की निळसर. धूर म्हणजे या जुन्या गाड्यांची लॉग फाइल. नव्या गाड्यांना स्कॅनर लावता येतो, हिला नाही. हिच्यात सेन्सरच नाहीत. हिला बघायचं, ऐकायचं आणि हात लावायचा.

तर लॉग वाचायला सुरुवात केली.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. 'गाडी ओढत नाही' म्हणजे इंजिनात ताकद नाही असा अर्थ आपण लगेच काढतो. तो तसा नसतोही. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर. ब्रेक धरून राहिले असतील तर इंजिन बिचारं ब्रेकशी भांडत बसतं. म्हणून आधी गाडी पाच किलोमीटर फिरवून चारही ड्रमना हात लावून बघितला, सगळे सारखेच कोमट. क्लच नीट धरत होता. मग दादांना आत बसवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितलं आणि बॉनेटमधून बघितलं, पंपावरचा दांडा शेवटपर्यंत फिरतोय ना. फिरत होता. केबल ताणली गेली आणि दांडा अर्ध्यातच थांबला, एवढ्याशा गोष्टीवर लोकांनी इंजिनं उघडलेली आहेत.

दुसरी परीक्षा डिझेलची. ही मला आधी करायची होती, कारण या निकालावर एका माणसाची नोकरी अडकली होती. रॉकेल डिझेलपेक्षा हलकं असतं. प्रत्येक पेट्रोल पंपावर हायड्रोमीटर असतो आणि घनता मागितली की दाखवावी लागते. टाकीतून खालच्या बाजूने दोन बाटल्या डिझेल काढलं आणि जिथे आम्ही नेहमी भरतो त्या पंपावर गेलो. तिथल्या माणसाने आधी 'कशाला' अशा नजरेने बघितलं, मग मोजून दिलं. तापमानाचा हिशेब धरून आलेला आकडा त्यांच्या रजिस्टरमधल्या आकड्याशी जुळला. रेशनचं रॉकेल निळं असायचं, तसली कसली छटाही नव्हती.

मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "या वेळी नसेल घातलं."

हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. एकदा का आपण मनात आरोपी ठरवला, की पुरावा नसणं हासुद्धा आरोपीच्या हुशारीचा पुरावा होतो!

तिसरी परीक्षा धुराची. त्यासाठी गाडीवर ओझं हवं. रिकामी गाडी अंगणात रेस करून काहीही कळत नाही, कारण आयडलिंगला असल्या इंजिनाला तासाला जेमतेम पाऊण-एक लिटर डिझेल लागतं. भरलेली गाडी घाटात पूर्ण जोर लावते तेव्हा तेच तेरा-चौदा लिटरच्या घरात जातं. म्हणजे जवळजवळ पंधरापट. गॅरेजात उभ्या गाडीत सगळं आलबेल दिसतं आणि घाटात गाडी मरते, याचं कारण हेच. आपल्याकडेही 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणणारे असतातच की. :-)

आंब्याच्या पेट्या काही टेस्टिंगला मिळणार नव्हत्या. मग कुंपणासाठी आणलेले जांभ्याचे चिरे होते, ते तीसेक भरले. झाला टनभर माल. दादा गाडीत, मी मागे मामाच्या मोटरसायकलवर, आणि पोफळीच्या पुढे घाट सुरू.

बरोबर मामाने सांगितलं तसंच झालं. पहिले अडीच किलोमीटर गाडी तिसऱ्यावर आरामात. मग आवाज बसायला लागला. दुसरा. पुढच्या वळणावर पहिला. आणि मी मागून नळीकडे डोळे लावून बसलो होतो, तर काय? धूर नाही. काळा नाही, पांढरा नाही, निळा नाही. गाडी रांगतेय आणि नळी स्वच्छ.

टर्बो गेला असता तर इंजिनाला हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणजे काळा धूर दिसायला हवा होता. (काही टर्बो गाड्यांच्या पंपावर एक डबी असते, ती हवेचा दाब बघून डिझेल कमी-जास्त करते. तशी असती तर टर्बो खराब असूनही धूर दिसला नसता. आमच्या पंपावर ती नव्हती, हे आधी बघून घेतलं होतं.) धूर नाही, ताकद नाही, म्हणजे मिळतंय ते डिझेल नीट जळतंय, पण मिळतंयच कमी. इंजिन उपाशी होतं.

शनिवारी रात्री जेवताना मी हे सगळं मामाला समजावलं. चाळीस हजारांचा टर्बो बहुधा निर्दोष आहे हे ऐकून त्याला बरं वाटलं. दादा ओसरीवर जेवत होते. एरवी ते आमच्याबरोबर आत जेवतात.

आता डिझेलचा रस्ता. टाकीत एक नळी बुडालेली, तिच्या टोकाला जाळी. तिथून पाइप चॅसीच्या कडेने पुढे येतो. इंजिनाजवळ फीड पंप ते डिझेल ओढून घेतो, फिल्टरमधून मुख्य पंपाकडे ढकलतो, मुख्य पंप ते प्रचंड दाबाने नोझलमधून सिलिंडरात सोडतो, आणि उरलेलं परतीच्या पाइपने टाकीत जातं. यातलं कुठेही काहीही अडू शकतं. एकेक भाग बदलत बसलो तर मे महिना संपेल.

सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी आपण काय करतो? मधे कापतो. रस्त्याचे दोन तुकडे करायचे आणि विचारायचं, दोष या बाजूला की त्या? शंभर कमिटमध्ये बिघाड शोधायला शंभर तपासण्या लागत नाहीत, सात पुरतात.

रविवारी सकाळी फीड पंपाकडे येणारा पाइप काढला. पाच लिटरचा एक स्वच्छ कॅन घेतला, त्यात ताजं डिझेल भरलं, आणि नवीन पारदर्शक पाइपने तो थेट फीड पंपाला जोडला. परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडला, नाहीतर कॅनमधलं डिझेल गुपचूप टाकीत जाऊन बसलं असतं. कॅन क्लीनरच्या पायाशी घट्ट बांधला. मुद्दामच खाली. उंचावर टांगला असता तर डिझेल आपोआप खाली उतरून फीड पंपाला मदत झाली असती आणि पंपच कमजोर असेल तर ते झाकलं गेलं असतं. हँडपंप मारून हवा काढली आणि निघालो. (हे पेट्रोल गाडीत चुकूनही करू नका. डिझेलचं करतानाही जाणकार माणूस बरोबर असू द्या आणि पाइप गरम सायलेन्सरपासून लांब ठेवा.)

तेच चिरे, तोच घाट, तेच दादा. या वेळी मामाही मधे बसला, कॅन पायात धरून.

अडीच किलोमीटर झाले. तीन झाले. चार. गाडी तिसऱ्यावर. मोठी वळणं सोडली तर दुसरा टाकावाच लागला नाही. पारदर्शक पाइपात एकही बुडबुडा नाही. घाटमाथ्यावर पोचून दादांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पहिल्यांदा स्वतःहून बोलले, "गाडी चांगली आहे, भाऊ."

मामा काही बोलला नाही.

एका फेरीत फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप, नोझल, टर्बो, इंजिन, सगळे सुटले. खर्च शून्य. उरला टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रस्ता. आणि तिथे माझा संशयित तयार होता. मामाचं कुलूपवालं झाकण!

टाकीतून डिझेल जातं तसतशी त्या जागी हवा आत यावी लागते. बाहेरून मागवलेल्या झाकणाला हवेचं भोक नसेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढून ओढून थकतो. गाडी थांबवली की हळूहळू हवा आत शिरते आणि सगळं परत ठीक. दहा मिनिटांचं कोडं सुटलं. मी हे सांगितल्यावर मामाचा चेहरा पडला. संशयापोटी लावलेल्या कुलपानेच घात केला, म्हणजे काय नाट्य! मला तर लेखाचं शीर्षकही सुचलं होतं.

पाइप पूर्ववत जोडला, झाकण सैल करून वर फडकं बांधलं, आणि तिसऱ्यांदा घाट. दोन किलोमीटर आठशे मीटरवर गाडी बसली. झाकण निर्दोष.

छान जुळणारी गोष्ट आणि खरी गोष्ट यात फरक असतो. आणि तसं बघितलं तर मामाने झाकण लावलं तेच मुळी गाडी दम टाकायला लागल्यावर. कारण परिणामाच्या नंतर कसं येईल? एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण गोष्ट फार आवडली होती.

घरी येऊन टाकीतली नळी काढली. जाळीवर थोडा गाळ होता, पण ती बंद नव्हती. लोखंडी पाइपातून हवा मारली, मोकळा. राहिला टाकीपासून लोखंडी पाइपापर्यंतचा एक फूटभर रबरी पाइप. काळा, गुळगुळीत, कुठे चीर नाही, गळती नाही. सगळ्या गाडीत तोच काय तो नवा दिसत होता. क्लॅम्प सोडवून हातात घेतला तर लक्षात आलं की तो फुगलाय. बाहेरून जाड, आतलं भोक बारीक, आणि दोन बोटांत दाबला तर उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा मऊ.

मी एका टोकाला अंगठा लावला आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून बघितलं. पाइप मधोमध चपटा झाला. सोडल्यावर सावकाश गोल झाला.

आयडलिंगला थोडंसंच डिझेल ओढलं जातं तेव्हा तो गोल राहणार. घाटात पूर्ण ओढ लागली की हळूहळू चपटा होणार, टाकीकडून येणारं डिझेल अडणार. गाडी उभी केली की परत गोल. उन्हाळ्यात रबर आणखी मऊ. सगळं जुळत होतं, आणि या वेळी चिमटीत दाबून दाखवता येत होतं.

मामाने विचारलं, "हा पाइप कुणी घातला?"

मी ओळखला होता तो पाइप. मीच घातला होता.

२०१७ च्या दिवाळीत आम्ही सगळे तिकडे होतो. गाडीखाली डिझेलचे थेंब पडत होते. जुना पाइप चिरला होता. मी मोठ्या उत्साहाने गाडीखाली शिरलो. पडवीत कूलंटच्या बाटलीला लावतात त्या बारीक काळ्या पाइपाची गुंडाळी पडलेली होती, त्यातला फूटभर कापला आणि बसवला. मापात अगदी फिट. हाताला ग्रीस लागलेला फोटोही काढून घेतला होता, मित्रांना दाखवायला. पाण्याला चालणारं ते रबर वेगळं असतं. कूलंटमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, पण डिझेल पिऊन फुगतं. डिझेलला तेल सोसणारं नायट्राइल रबर लागतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं की नाही आठवत नाही. शिकवलं असेल तर मी त्या दिवशी कँपसच्या तयारीत असेन. दिवाळी ते मार्च गाडीने घाट बघितला नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही. मार्चमध्ये पहिली भरलेली खेप गेली, आणि माझा बग प्रॉडक्शनमध्ये दिसायला लागला.

पण याहून वाईट गोष्ट मला नंतर आठवली. दिवाळीत मी तो पाइप कापत होतो तेव्हा दादा शेजारी उकिडवे बसले होते. ते म्हणाले होते, "भाचेबुवा, चिपळूणहून डिझेलचा पाइप आणू का?" आणि मी म्हणालो होतो, "अहो दादा, पाइप तो पाइप!"

त्या संध्याकाळी चिपळूणला जाऊन आम्ही योग्य पाइप आणि दोन क्लॅम्प आणले. दीडशे रुपयेसुद्धा झाले नाहीत. जाताना गाडीत मी आणि दादा दोघंच होतो. मी विचारलं, "दादा, तुम्हाला आठवत होतं का, तो पाइप मी बसवला ते?"

"होय."

"मग बोलला का नाहीत?"

बराच वेळ ते गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, "पाइप वरून चांगला दिसत होता. मलाही नक्की नव्हतं. आणि भाऊंचा संशय माझ्यावर. तेव्हा मी म्हणणार, भाच्याने घातलेला पाइप बघा? ते आणखी वाईट दिसलं असतं."

मला यावर काही उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

म्हणजे बघा, दीड महिना गाडी रडत होती, आणि ज्या माणसाकडे सगळ्यात उपयोगी माहिती होती तोच माणूस बोलू शकत नव्हता. कारण आम्ही त्यालाच आरोपी केलं होतं. मामा वाईट माणूस नाही. पण माल उशिरा पोचत होता, पैसे जात होते आणि कारण सापडत नव्हतं. कारण सापडत नाही तेव्हा मन रिकामं बसत नाही, ते माणूस शोधतं. आणि तो माणूस नेहमी उलटून बोलू न शकणाराच सापडतो. ड्रायव्हर, वॉचमन, नवीन लागलेला मुलगा, कंत्राटावरची टेस्टर. पुण्याहून आलेल्या इंजिनीअर भाच्यावर संशय घ्यावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. माझ्याही नाही! तीन वेळा घाट चढलो, एकदाही मला असं वाटलं नाही की या गाडीत शेवटचा बदल कुणी केला होता ते आधी बघू. हापिसात काहीही मोडलं की मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

घरी आल्यावर मी मामाला सगळं सांगितलं, दादांसमोर. पाइप कुणाचा, दिवाळीत दादा काय म्हणाले होते आणि मी काय म्हणालो होतो, सगळं. दादांना सॉरी म्हणालो. ते संकोचून "असू दे, असू दे" म्हणत राहिले. मामा पाइपाचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ दाबत बसला होता.

आमच्या घरात वडीलधारी माणसं माफी मागत नाहीत. तशी पद्धतच नाही. मामा उठला, आत गेला, टाकीच्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या घेऊन आला आणि दादांच्या हातात ठेवल्या. म्हणाला, "उद्या पाचला निघा. घाट उजेडी पार होईल." आणि मग दाराकडे बघत मामीला हाक मारली, "अगं, पानं वाढ. सगळे आतच बसतोय."

सोमवारी संध्याकाळी बावन्न पेट्या घेऊन गाडी गेली. मी आदल्या रात्रीच पुण्याला परतलो होतो. मंगळवारी पहाटे चार वाजता यार्डात जाऊन उभा राहिलो. काही काम नव्हतं माझं तिथे. साडेचारला गाडी आत आली. दादांनी काच खाली केली आणि म्हणाले, "पूर्ण घाट तिसऱ्यावर. मोठ्या वळणांना तेवढा दुसरा." मग दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला.

गाडी मामाने २०२१ मध्ये विकली, पंधरा वर्षं झाल्यावर. टर्बो शेवटपर्यंत तोच होता.

हापिसात मात्र माझ्यात एक बदल झाला. काही मोडलं की आम्ही मीटिंग घेतो, काय झालं, का झालं, सगळं लिहून काढतो. त्यात 'कुणाची चूक' हा रकाना नसतो याचा आम्हाला फार अभिमान. पण रकाना नसला तरी खोलीतल्या सगळ्यांना माहीत असतं कोणाकडे बघायचं. म्हणून आता मी मीटिंगच्या आधी एक काम करतो. त्या खोलीत सगळ्यात कमी बोलणारा जो कोणी असेल, त्याच्याबरोबर चहाला जातो आणि विचारतो, "तुला काय वाटतं, कुठे बघायला हवं? माझ्या कोडमध्ये असेल तरी सांग."

दर वेळी काही निघतंच असं नाही. पण दोनदा निघालंय. आणि दोन्ही वेळा ते माझ्याच कोडमध्ये होतं.

असो. तुमच्याकडे जुनी डिझेल गाडी असेल आणि ती घाटात दम टाकत असेल, तर पैसे मोजण्याआधी नळीकडे बघा, धूर कुठल्या रंगाचा आहे ते. नसेलच, तर डिझेलचा रस्ता तपासा, आणि स्वस्तातल्या रबरी पाइपापासून सुरुवात करा. आणि गाडी रोज चालवतो त्या माणसाला विचारा. मी हे सगळ्यात शेवटी केलं.